वाकडी बाज

घनभूमितीनं धर्मपालला अमरावतीच्या कॉलेजात एकदा लोळवलं होतं आणि यंदाही ती दबा धरून बसली होती. सरळ रेषांनीच बनलेला वक्र पृष्ठभाग म्हणे. पुस्तकातल्या चित्रात तो त्याला काही केल्या दिसेना. परीक्षेआधीच्या सुट्टीत तो अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी आला आणि अंगणातल्या बाजेकडे बघता बघता त्याचं डोकं चालू लागलं.

बाजेचे सांधे ढिले होतेच. त्यानं तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांखाली विटा लावल्या आणि उरलेले दोन पाय खुंट्या ठोकून खाली बांधले. बाज पिळली गेली. एकेक सुतळी सरळच, पण सगळ्या मिळून घोड्याच्या खोगिरासारखा बाक. धर्मपाल एकटाच हसत सुटला आणि त्याच आनंदात पेढे आणायला गेला.

तेवढ्यात बाळापूरचे बुधाजी मास्तर दारात उभे. धर्मपालला मुलगी द्यायची की नाही, हे ठरवायला ते उद्या यायचे होते, पण बस मिळाली म्हणून आजच आले. धर्मपालच्या आईनं, केशरबाईंनी, घाईघाईनं बाजेवर सतरंजी टाकली. ती जमिनीपर्यंत लोंबली आणि विटा झाकल्या गेल्या.

"उशाकडे बसा जी," धर्मपालचे वडील डोमाजी म्हणाले. पाहुणा उशाला आणि घरधनी पायथ्याला, ही रीत. मास्तर अलीकडून उशाला टेकले, डोमाजी पलीकडून पायथ्याला.

"पोरगा मांगच्या साली गणितात नापास झाला म्हन्ते," मास्तरांनी विषय काढला. वाक्य संपेपर्यंत ते घसरत पायथ्याशी पोचले होते. पलीकडच्या बाजूचा उतार उलटा, त्यामुळे डोमाजी आपोआप उशाला.

दोघंही ओशाळले. उठून पुन्हा आपापल्या जागी बसले आणि पुन्हा तेच झालं.

"तुमी तं मले पायथ्याशीच धाडून राहिले," मास्तरांचा आवाज चढला.

"म्या कायले धाडू जी? मीच वर चाल्लो, मले समजूनच नाई राहिलं."

केशरबाईंनी मान खाली घालून पहिला कप रीतीप्रमाणे उशाकडे धरला. तो नवऱ्याच्या हातात पडला.

मास्तरांनी काठी उचलली. "चहा बी तुमीच घ्या. सोयरीक राहू द्या."

धर्मपाल पेढे घेऊन शिरला तो याच क्षणी. त्यानं सगळं ओळखलं. "बाबा, चूक माही हाय," म्हणत त्यानं सतरंजी ओढली, विटा दाखवल्या आणि घाबऱ्या घाबऱ्या सगळी घनभूमिती सांगून टाकली.

मास्तरांनी काठी एका सुतळीवर ठेवली. ती तंतोतंत चिकटली. तिरपी ठेवली तर मधे फट. ते बाजेभोवती फिरले, वाकले आणि पुन्हा काठी ठेवली.

"यंदा तू पास हायस बाप्पा," ते म्हणाले. "आता बाज अशीच राहू द्या. माही जाई बी याच पेपरात अटकली. चित्र पाहून पाहून रडते. उद्या तिले घेऊन येतो."

"पोरगी पोराच्या घरी?" डोमाजी चाचरले.

"पाहाले नाई जी. शिकाले."

पाहुणे गेल्यावर केशरबाईंनी सतरंजी झटकली आणि दोन्हीकडच्या विटांवर आणखी एकेक वीट चढवली.

"आता हे काहून?" डोमाजींनी विचारलं.

"दोघं एकाच बाजूनं बसतीन उद्या," त्या म्हणाल्या. "मंग पाहा."