उंचीले हात नाई

शालिकभाऊ फोटोत माणसाचं काहीही बदलून देत. मिटलेले डोळे उघडत, टकलावर केस लावत, बनियनवरच्या माणसाला कोट चढवत. फक्त उंची सोडून. ‘उंचीले हात नाई लावत मी,’ असं म्हणून ते माऊस बाजूला सारत आणि गिऱ्हाईक दाराबाहेर जाईपर्यंत पुन्हा माऊसला शिवत नसत. हे मी ऐकीव सांगत नाही. ते गिऱ्हाईक मीच होतो.

मी सावली गावच्या शाळेत मास्तर. उंची पाच फूट एक इंच, आणि त्यातला तो एक इंच फक्त कागदोपत्री आहे. शाळेच्या ग्रुप फोटोत मी विटेवर उभा राहतो. माझी बायको वंदना ब्रह्मपुरीची, माझ्याहून उंच. लग्नाच्या फोटोत तिनं नव्या नवरीसारखी मान खाली घातली आहे, तरी ती दोन बोटं वरच दिसते. एरवी ही बाई कशालाच लाजत नाही. त्या एकाच दिवशी लाजली, पण त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

शालिकभाऊंनी स्टुडिओत कॉम्प्युटर आणला तो दोन हजार तीनच्या आसपास. मी तीन महिन्यांचा कोर्स केलेला असल्यामुळे गावात मीच तज्ज्ञ. आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन मी त्यांना फोटोचं सॉफ्टवेअर शिकवलं. आठव्या दिवशी ते मला शिकवू लागले. इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत, म्हणून प्रत्येक गोष्टीला त्यांनी घरचं नाव दिलं होतं. जुन्या फोटोतले डाग शेजारच्या रंगानं बुजवायचे, त्याला ते ‘सारवणं’ म्हणत. ‘थांबा गुरुजी, गाल सारवून घेतो,’ आणि खरंच, शेणानं अंगण सारवावं तसा त्यांचा हात सफाईनं फिरे. कॉम्प्युटरात त्यांचं एक फोल्डर होतं, नाव ‘धड’. त्यात कोटवाली, धोतरवाली, नऊवारीवाली अशी बिनडोक्याची माणसं ओळीनं उभी असत.

या धडांचं कारण असं, की आमच्या भागात जुन्या जोडप्यांचा एकत्र फोटो सहसा नसतो. म्हातारा मतदार कार्डावर, म्हातारी कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत. दोघांपैकी एक गेलं की पोरं दोन्ही चेहरे घेऊन येत आणि तेरवीच्या आत जोडून मागत. शालिकभाऊ पहिला प्रश्न विचारत, ‘बाई कुठपर्यंत येत होत्या? खांद्यापर्यंत का कानापर्यंत?’

या प्रश्नावर भली भली पोरं गोंधळत. मग थोरला म्हणे कानापर्यंत, धाकटा म्हणे छे, खांद्यापर्यंत. शालिकभाऊ दोघांनाही परत पाठवत. ‘शेजारच्या बायाइले विचारून या. अंदाजानं माय उभी नाई करत मी.’ एकदा तेरवीचं जेवण आटोपून पंगती उठल्या, तरी फोटो झालेला नव्हता. लोक चिडत, आणि पुन्हा त्यांच्याकडेच येत.

अशा माणसाकडे मी माझा लग्नाचा फोटो घेऊन गेलो. ‘शालिकभाऊ, मला चार बोटं वाढवा.’

‘नाई.’

‘अहो, तुम्हाला शिकवलं कोणी?’

‘तुमीच. म्हनून केस फुकट लावून देतो. उंची नाई.’

मी तिरमिरीत शाळेच्या कॉम्प्युटरवर स्वतःच बसलो. मला वर ओढलं तर माझं डोकं पडवळासारखं लांबलं. म्हणून मला तसंच ठेवून वंदनाला खाली सरकवलं. छान जमलं. फ्रेम करून घरी नेली. वंदनानं क्षणभर पाहिलं आणि विचारलं, ‘माहे पाय कुठी गेले?’

खरंच, माझी बायको घोट्यापासून जमिनीत गेलेली होती.

ती फ्रेम घेऊन मी पुन्हा शालिकभाऊंकडे गेलो. ते पोट धरून हसले, मग फ्रेम बाजूला सारून म्हणाले, ‘गुरुजी, तुमची बायको तुमच्यासमोर हाय. तुमाले तिची उंची मालूम हाय, तरी खोटी लावून राह्यले. मले मालूमच नाई.’

‘कोणाची?’

त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. आत त्यांच्या वडिलांचा उभा फोटो होता, खांद्यावर मासे धरायचं काठीचं जाळं. आणि दुसरा कपटा, आगपेटीएवढा. त्यावर एका तरुण बाईचा फक्त चेहरा. मार्कंड्याच्या जत्रेत काढलेला फोटो, गळ्याखालचं सारं वाळवीनं खाल्लेलं. ती त्यांची आई, शेवंता. शालिकभाऊ दीड वर्षाचे असताना गेली.

‘बाबाले विचारलं का तो हात आपल्या खांद्यावर ठेवे. येवढी होती म्हने. आत्या म्हने कानापर्यंत. काका म्हने ध्यानात नाई. आता तिघंबी गेले. कॉम्प्युटर घेतला तो याच्यासाठीच. चेहरा सारवून ठेवला, धड निवडून ठेवलं. पन उभी कुठपर्यंत करू?’

स्टुडिओ चांगला चालत होता, मागच्या खोलीत त्यांचा एकट्याचा स्टोव्ह होता, लग्न केलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना विक्षिप्त म्हणून हसत आलो होतो. त्या दिवशी मला माझ्या चार बोटांची लाज वाटली. लाज वाटली, पण हौस फिटली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

त्यानंतर महिनाभरानं माझी आई गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. एसटीच्या सवलतीच्या कार्डासाठी तिचा फोटो हवा होता, म्हणून तिला स्टुडिओत नेलं. शालिकभाऊंनी सवयीनं गाव विचारलं. आमच्या गावाचं नाव ऐकून म्हणाले, ‘तलावाच्या त्या बाजूले आमचं गाव, बाई.’

आई डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहत राहिली. ‘जाळेवाल्याच्या शेवंताचा पोरगा का रे तू?’

शालिकभाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला, ‘कुठपर्यंत येत होती, बाई?’

‘कुठपर्यंत काय? लंबी बाई होती बापू. धानाच्या रोवणीले ये आमच्याकडे. दुपारी जेवाले घरी आल्या का साऱ्या बाया सरळ आत शिरत. शेवंता वाकून ये. एक डाव नाई वाकली, तं चौकट लागली कपाळाले. इथी,’ आईनं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट टेकवलं, ‘खोक पडली. हळद म्याच भरली.’

शालिकभाऊंनी घाईघाईनं पाकीट उघडलं. आम्ही तिघं त्या कपट्यावर वाकलो. डाव्या भुवईवर एक बारीक पांढरी रेघ होती.

‘गुरुजी,’ ते म्हणाले, ‘म्या वाळवीचा डाग समजून सारवून टाकली न ते.’ आणि हा साठीच्या घरातला माणूस माझ्या आईच्या पायाशी बसून रडला. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्याच रविवारी आम्ही गावी गेलो. आमच्या घराची सागवानी चौकट अजून तशीच आहे. मी नेहमीसारखा ताठ आत गेलो. त्या दारानं जन्मात माझा अपमान केलेला नाही. मागून शालिकभाऊ आले, हातात टेप, नजर वर, आणि खाडकन त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं.

‘लागलं का?’ मी धावलो.

‘लागलं जी,’ ते कपाळ चोळत हसत होते. ‘बरोब्बर लागलं.’

त्यांनी चौकट तीनदा मोजली, तिच्यात भुवईपासून वरचं कपाळ मिळवलं. मग वडिलांच्या फोटोतल्या जाळ्याची काठी शालिकभाऊंनी जपून ठेवली होती, तिच्या मापानं वडिलांची उंची काढली. हिशेब लागल्यावर कागद माझ्यापुढे धरला. त्यांची आई वडिलांच्या खांद्याला नव्हती, कानालाही नव्हती. ती वडिलांपेक्षा चांगली तीन बोटं उंच होती.

‘बाबा जन्मभर खोटं बोलला,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र खाली पाहिलं, कारण त्या मेलेल्या माणसाची बाजू मला फार चांगली समजत होती.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला फोटो दाखवायला बोलावलं. जाळं घेतलेले वडील आणि नऊवारीतली आई शेजारी शेजारी. भुवईवरची रेघ परत आलेली. पण डोकी मात्र एका रेषेत होती. मी चमकलो. ‘शालिकभाऊ, उंचीला हात लावला?’

‘नाई जी. नीट पाहा. मान झुकवली जराशी. चौकटीखालून येताना झुकवे न, तशीच बाबाजवळ उभी राहताना झुकवत असंल. त्याले बरं वाटावं म्हनून.’

मी घरी आलो. भिंतीवर लग्नाचा जुना, खरा फोटो वंदनानं पुन्हा लावला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. वीस वर्षं मी ज्याला लाजणं समजत होतो, ती खाली घातलेली मान पाहत राहिलो.

‘वंदना, फोटोत मान काऊन खाली घातली होती तू?’

ती तांदूळ निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

‘फोटोवाला सारखा म्हने, बाई, सरळ उभ्या राहा. मी नाई राह्यली.’