वासुभाऊ प्रॉम्प्टर आणि रद्द न झालेला स्कोअर

‘वासुभाऊनं पोट्टीले स्कोअर कॅन्सल करू देला नाई. नाटकाच्या येडापायी लेकीले दोन नंबरच्या कॉलेजात धाडलं.’

हे विधान माझे नाही. पोंभुर्ण्याच्या बसस्थानकासमोर गजाननची टपरी आहे. तिथे ते गेले वर्षभर चहाबरोबर फुकट मिळते. सांगणारा प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचे थोडे आले घालतो. अलीकडे तर वासुभाऊंनी मुलीच्या हातून फोन हिसकावून घेतला, इथपर्यंत मजल गेली आहे. त्या रविवारी वासुभाऊंच्या ओसरीवर तीन माणसे होती. त्यांत गजानन नव्हता. मी होतो. या गावच्या शाळेत मी मराठी शिकवीत आलो, आणि चुकीचे वाक्य फळ्यावर तसेच ठेवून वर्गाबाहेर पडणे मला कधी जमले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

वासुदेव गुरनुले माझे शेजारी. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकली की गावोगाव नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या मंच आणि पडदे घेऊन हिंडतात आणि माणसे पोते अंथरून उजाडेपर्यंत नाटक पाहतात. अशाच एका मंडळीत वासुभाऊ प्रॉम्प्टर होते. राजा, भिकारी, सासू, फौजदार या सर्वांची वाक्ये आधी या एका माणसाच्या तोंडून कुजबुजत निघत आणि मग त्या त्या नटाच्या तोंडून गर्जत. टाळ्या नटांना पडत. वासुभाऊंची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार आमची होती. कारण त्यांनी मंडळी सोडली, पण प्रॉम्प्टिंग सोडले नाही.

समोरचा माणूस बोलता बोलता क्षणभर थांबला, की वासुभाऊ त्याचे पुढचे वाक्य पुरवीत. हलक्या, पण दहाव्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात. प्रजासत्ताकदिनी ध्वजारोहणानंतर मी भाषण करीत होतो. श्रोत्यांना विचार करायला अवसर मिळावा म्हणून मी एका वाक्यानंतर मुद्दाम थांबलो. तोच कडुलिंबामागून आवाज आला, ‘...म्हणूनच, माझ्या बालमित्रहो...’ विराम आणि विसर यांत भेद असतो, हे मी त्यांना त्या दिवशी अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, ‘...तरी तुमची माफी मागतो.’ म्हणजे माझ्या वतीने त्यांनी स्वतःचीच माफी मागून टाकली.

एकदा आम्ही दोघे एका कचेरीत गेलो. कारकुनाने कागदातून मान वर केली आणि म्हटले, ‘साहेब आज...’

‘...नाईत, उद्या या,’ वासुभाऊ म्हणाले.

साहेब आत बसलेले होते, हे दारातून मलाही दिसत होते. परंतु वाक्य इतके ओळखीचे होते की कारकुनाने ते तसेच उचलले आणि आम्हाला परत पाठवले.

आणि माझ्या पुतण्याच्या लग्नात तर हाहाकार झाला. नाव घेण्याच्या वेळी नवरदेव अडला. वासुभाऊ तत्परतेने मांडवाच्या खांबाआड गेले आणि त्यांनी ओळ दिली. घाबरलेल्या मुलाने ती जशीच्या तशी म्हटली. नवख्या नटाला कोणत्या बाजूने जायचे तेही सांगण्याची वासुभाऊंची रीत होती. त्यामुळे मुलगा शेवटी, ‘...अन् शालिनीचं नाव घेतो, डावीकडून जातो,’ असे म्हणाला आणि खरोखरच डावीकडून निघून गेला.

तरीही गाव त्यांना धरून होते. माझे बंधू वारले तेव्हा भेटीला आलेल्यांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटेना. वासुभाऊ माझ्या मागे बसले होते. ‘...झोपेतच गेले, तरास नाई झाला,’ ते माझ्या कानाशी पुटपुटले, आणि दिवसभर मी येईल त्याला तेवढेच सांगत राहिलो. ते वाक्य नसते तर मी काय केले असते, मला माहीत नाही.

त्यांचे एक पालुपद होते: ‘पडदा उघडला म्हंजे उघडला.’ समोर मोजकीच माणसे असोत, नायिकेला ताप असो, मंचाखालून साप निघो, त्यांच्या मंडळीने लागलेला प्रयोग कधी मोडला नाही, असे ते अभिमानाने सांगत. ‘कॅन्सल’ हा शब्द त्यांच्या घरात उच्चारला जात नसे. एस. टी. आली नाही तर ‘गाडी विंगेत थांबून राह्यली’ असे म्हणत. टपरीच्या सिद्धान्ताचा सारा पाया हा एवढाच आहे.

आता त्या रविवारची हकीकत.

वासुभाऊंची मुलगी वर्षा माझीच विद्यार्थिनी. इंजिनीअर होऊन ती माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला लागली. आई गेल्यापासून ती दर रविवारी बसने येई, बापाचे पुढच्या दोन दिवसांचे कालवण करून ठेवी आणि सोमवारी पहाटे परत जाई. व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणाला जायचे तिच्या मनात होते. त्यासाठी लागणारी प्रवेश परीक्षा तिने शनिवारी नागपूरला दिली. ती संगणकावर होते आणि गुण लगेच दिसतात. ते पसंत नसतील तर रद्द करता येतात. मग ते कोणत्याही महाविद्यालयाला कळत नाहीत आणि पुन्हा परीक्षा देता येते.

रविवारी सकाळी वर्षाने मला बोलावले. वासुभाऊ ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसले होते.

‘गुरुजी, स्कोअर आला,’ ती म्हणाली. ‘लय चांगला नाई, अन् वाईटबी नाई. सगळ्यांत मोठ्या कॉलेजात नाई होणार. पन दक्षिणेकडं एक हाय, तिथी होऊन जाईल.’

‘...अभिनंदन, बेटा,’ वासुभाऊंनी माझे वाक्य मला दिले.

‘बाबा, थांबा नं बाप्पा! आयका पुरतं.’ ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. ‘ठेवला, तं जूनमंधी जा लागते. दोन साल. तिथून दर रविवारी येनं होत नाई. अन् कॅन्सल केला, तं अजून एक साल मी माजरीतच हावो. अभ्यास करीन, पुन्हा देईन. रविवारी येत राहीन. आज संध्याकाळपरेंत सांगा लागते. बाबा, तुमी म्हना, मी...’

आणि ती थांबली.

मी वाट पाहिली. आयुष्यात ज्याने एकही रिकामी जागा रिकामी राहू दिली नाही, तो माणूस डाळीतला खडा शोधत होता. ताटात खडा नव्हता. मी तेवढ्यात गुण ठेवण्याच्या बाजूने मुद्देसूद बोलू लागलो. माझ्या मते ते प्रतिपादन उत्तम होते. पण वासुभाऊंनी हात वर केला आणि मी मधल्या मुद्द्यावर थांबलो. ते उठले, आत गेले. दाराला जुन्या नाटकाचा पडदा कापून लावलेला आहे, त्यावर अर्धे कारंजे आणि हरणाचे मागचे पाय दिसतात. त्या पडद्यामागून थोड्या वेळाने तो ओळखीचा, दहाव्या रांगेपर्यंत जाणारा आवाज आला:

‘कॅन्सल कर.’

गजाननने हे लक्षपूर्वक वाचावे. ज्या शब्दाला त्या घरात बंदी होती, तो शब्द वासुभाऊंनी माझ्या देखत उच्चारला.

‘पुढल्या साली दे,’ आवाज म्हणाला. ‘घाई काय हाय? वय का पळून राह्यलं तुयं? तवापरेंत येत जाय रविवारी.’

वर्षा पडद्यावरच्या हरणाकडे पाहत बसली होती. पडद्याखाली वासुभाऊंचे पाय दिसत होते, एकावर एक घासत.

न राहवून मी म्हणालो, ‘वासुभाऊ, नट वाक्य उचलत नाही.’

आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि अगदी हळू:

‘मले वाटते, दोन पानं एकसाथ उलटली.’

प्रॉम्प्टरच्या हातून घडू शकणारी सर्वांत मोठी चूक ही. गारठ्यात बोटे बधिर होतात, पाने चिकटतात, आणि अशाने एकदा त्यांच्या मंडळीच्या नायिकेने लग्नाआधीच कुंकू पुसले होते. ती कथा ते नेहमी हसून सांगत. त्या दिवशी हसले नाहीत.

पडदा बाजूला झाला. वासुभाऊ बाहेर आले आणि ओसरीच्या मधोमध उभे राहिले. हातांचे काय करायचे हे त्यांना कळत नव्हते. आधी ते कमरेवर ठेवले, मग मागे बांधले. आणि जो माणूस जन्मभर कुजबुजला, तो पट्टीच्या नटाला लाजवील अशा मोकळ्या आवाजात म्हणाला, ‘कॅन्सल-फॅन्सल काई नाई! पडदा उघडला म्हंजे उघडला! जाय तू!’

हे वाक्य रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले. त्याआधीचे एकही गेले नव्हते, कारण ते पडद्यामागे कुजबुजलेले होते. टपरीचा इतिहास असा तयार होतो.

‘अन् जेवनाचं?’ वर्षाने विचारले. तिचे डोळे भरून आले होते. पण आवाज खाणीतल्या अधिकाऱ्याचा होता.

‘भात शिजवाले शिकतो. अन् रविवारी गुरुजीच्या घरी जेवतो.’

मला कोणी विचारले नाही. मी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तोच वासुभाऊ पूर्वीच्या आवाजात म्हणाले, ‘...आनंदानं या, वासुभाऊ.’

तेव्हापासून दर रविवारी ते आमच्याकडे जेवतात. माझी पत्नी वाढताना क्षणभर थांबली की ‘...अजून एक पोळी घ्या’ असे तेच म्हणतात आणि तेच घेतात. वर्षा त्या दक्षिणेकडच्या महाविद्यालयात शिकते आहे. फोनवर ती ‘बाबा, पेपर...’ म्हणते, ‘...एकदम बेस्ट गेला’ असे इकडून सांगितले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. ज्याला टपरी दोन नंबरचे कॉलेज म्हणते, तिथे तिला पहिल्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. गजाननला हे सांगितले, तर तो म्हणतो, ‘ते जाऊ द्या गुरुजी, पन शेवटी त्यानंच कॅन्सल करू देला नाई नं?’

यावर आजवर मी गप्प राहिलो, याचे कारण भित्रेपणा नव्हे. मी वचनात बांधलेला होतो. त्या सोमवारी मी वर्षाला बसपर्यंत सोडायला गेलो होतो. बस यायची होती. ती म्हणाली, ‘गुरुजी, बाबाले सांगजा नोको. मी त्याईले सिधं इचारलं असतं, का मी गेली तं तुमी एकटे राहान का, तं माहं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्याईनं उत्तर देलं असतं. कोन्या तरी नाटकातलं. मले त्याईचं सवताचं आयकाचं होतं.’ आणि मग तिने मला एक गोष्ट सांगितली.

या दिवाळीत तीच गोष्ट तिने बापालाही सांगितली. वासुभाऊ मांडीवर थाप मारून इतके हसले की आमच्या अंगणातून मी धावत गेलो. ‘गुरुजी, पोट्टीनं आपल्या दोघायलेबी खेळवलं! अन् मी समजून राह्यलो होतो, का घरात नट कोनी नाई!’

माझे वचन सुटले. तेव्हा टपरीवरील मंडळींनी चहा खाली ठेवून ऐकावे. त्या परीक्षेत गुण रद्द करायला ‘संध्याकाळपर्यंत’ अशी मुदत नसते. गुण दिसताच, खुर्चीवरून उठण्यापूर्वी, संगणकाच्या त्याच पडद्यावर ठेवतो की रद्द करतो ते सांगावे लागते; आणि वर्षाने शनिवारीच, नागपुरात, ‘ठेवतो’ हे बटण दाबले होते.