ड्राय आइसचे मंजूर उपयोग

ज्या गोष्टीतून धूर निघत नाही ती गोष्ट चालू आहे, यावर माणसाचा विश्वास बसत नाही. चहाचं बघा, गाडीचं बघा, कारखान्याचं बघा. हे मी नाही म्हणत, आमच्या संस्थेचं परिपत्रक म्हणतं, पहिल्याच ओळीत, आणि खाली साहेबांची सही आहे, त्यामुळे वाद नको.

तर ऐका ना, मधे बोलू नका, मग माझी लिंक तुटते. मी जिथे चिकटलोय ती रक्तावर संशोधन करणारी संस्था. तीन मजले, पांढऱ्या फरश्या आणि प्रत्येक दारावर 'आत येऊ नये'. आत कोणी येतही नव्हतं, म्हणजे पाटीचं पालन अगदी शंभर टक्के. पण साहेबांना ते लागलं. त्यांनी वर्षातून एक दिवस दारं उघडी ठेवायची ठरवली, लोकांना विज्ञान दाखवायला. लोक आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून 'हं' म्हणाले. आणि मग सगळेच्या सगळे जिन्याखाली जमले, कारण तिथे शिपाईमामांनी खोक्यात उरलेला ड्राय आइस टाकून द्यायचा म्हणून गरम पाण्याच्या बादलीत ओतला होता.

आता ड्राय आइस म्हणजे काय, ते पटकन सांगतो. कार्बन डायऑक्साइड गोठवून केलेला बर्फ. थंड म्हणजे उणे अठ्ठ्याहत्तर. वितळून त्याचं पाणी होत नाही, तो थेट हवेत उडून जातो. (आमच्या संस्थेतल्या आश्वासनांसारखाच. फरक एवढाच की बर्फ जाताना दिसतो.) गरम पाण्यात टाकलात की पांढरे लोट उठतात, जमिनीवरून सरपटत जातात, पायऱ्या उतरतात. बघत राहावं असंच असतं, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी लगेच पाहणी करून घेतली. आलेल्या दर शंभर लोकांपैकी सत्त्याण्णव जणांनी बादलीचा फोटो काढला. दोघांनी बादलीसमोर उभं राहून स्वतःचा काढला. एकाने संशोधनाबद्दल विचारलं. (त्याला बाथरूम कुठे आहे ते हवं होतं, पण प्रश्न नोंदवला गेला.) यावरून जो निष्कर्ष निघतो तो निघाला. धूर समितीची स्थापना झाली.

समितीचं पहिलंच परिपत्रक निघालं, 'शुष्क हिमाचे सर्जनशील व व्यावहारिक उपयोग'. मला पाठच आहे ते, कारण टाइप मीच केलंय:

'(अ) प्रवेशद्वारी धूर, मान्यवरांकरिता. (आ) व्यासपीठावर धूर, भाषणाच्या आरंभी व, भाषण लांबल्यास, मध्ये. (इ) वाहनाच्या पत्र्यास आलेला पोचा काढणे. (ई) मच्छर-निर्मूलन. (उ) बैठकीच्या खोलीत वातावरणनिर्मिती.'

नुसतं कागदावर नाही हं, एकेक करून बघितलं. (इ) साहेबांच्या गाडीवर केलं. पोचा राहिला, रंग निघाला. (ई) पण केलं. ड्राय आइसच्या वायूकडे डास धावत येतात, म्हणून केबिनमध्ये सापळा लावला. डास आले, भरपूर आले, पण सापळ्यात गेले नाहीत. साहेबांच्या तोंडूनही तोच वायू निघतो आणि साहेब जास्त बोलत होते. (उ)चं म्हणाल तर बंद खोलीत, खिडक्या लावून, दोन टब ठेवून बैठक घेतली. पंधरा मिनिटांत अकराच्या अकरा जणांचं डोकं जड झालं, चौघं पेंगायला लागले. इतिवृत्तात लिहिलंय, 'सदस्य विचारमग्न होते.' तेवढ्यात ताई दार ढकलून आत आली, "अहो जीव जाईल कोणाचा तरी!" म्हणून तिने धडाधड खिडक्या उघडल्या. तिला मेमो मिळाला. विषय: धुराची नासाडी.

हां, ताई कोण ते राहिलंच. माझी मावसबहीण. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत असते, मला इथे चिकटवलं ते तिनेच. तिचं काम म्हणजे एकदम धूरविरहित. लहान मुलांना ऐकू येईनासं का होतं, याचं कारण ती रक्तात शोधते. त्यासाठी तिने चार वर्षांपूर्वी चारशे बारा बाळं जन्मली त्या क्षणाचं, नाळेतलं रक्त गोळा केलं. प्रसूतिगृहाच्या बाकावर झोपायची ती तेव्हा, मावशी डबा पोचवायची. आता ती मुलं चार वर्षांची झाली, त्यातल्या एकोणीस जणांना कमी ऐकू येतंय, आणि आता कुठे ते जुनं रक्त बाहेर काढून तपासायचं होतं. पुढच्याच महिन्यात. चारशे बारा कुप्या, एका फ्रीझरमध्ये, उणे ऐंशीवर.

आणि फ्रीझर कधी बंद पडावा? नव्या इमारतीच्या उद्घाटनादिवशी. सकाळी नऊला ताईने बघितलं तर आकडा उणे एक्केचाळीस. उणे वीसच्या वर गेलं की रक्त कामातून गेलं. जास्तीचा एक फ्रीझर होता आमच्याकडे, नव्हता असं नाही. समितीने तो खाली लॉबीत नेऊन, दार काढून, आत निळे दिवे लावून सेल्फी पॉइंट केला होता. उरला उपाय ड्राय आइस. चाळीस किलो हवा होता. आणि खाली आमच्याकडे दोनशे किलो येऊन पडला होता, थर्माकोलच्या खोक्यांमध्ये, उद्घाटनासाठी. शहरात होता नव्हता तो सगळा आम्हीच उचलला होता. पुढचा ट्रक परवा.

म्हणजे अडचण काहीच नव्हती. फक्त अर्ज करायचा होता.

ताई स्टोअरमध्ये गेली. स्टोअरवाले काका सज्जन माणूस. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म काढला.

"कारण काय लिहू, ताई?"

"नमुने गार ठेवायचेत, काका. लवकर."

"तसं कारणच नाहीये गं यात. हे बघ, प्रवेशद्वार आहे, व्यासपीठ आहे, पोचा आहे…"

"अहो, हा बर्फ मुळात त्याचसाठी यायचा ना!"

"ते आधी. आता सुधारित फॉर्म आहे. 'इतर'वर टिक करू? पण 'इतर' समितीपुढे जातं. समिती गुरुवारी बसते."

"आज शुक्रवार आहे, काका."

"म्हणजे सहा दिवस आहेत हातात. आरामात होईल."

मग ती आमच्या इव्हेंटवाल्या मॅडमकडे आली. मॅडम म्हणजे धूर समितीच्या सचिव. त्यांच्या एका हातात फीत, दुसऱ्या हातात कात्री आणि खांद्याने कानाला दाबलेला फोन. ताईने सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकलं, मनापासून ऐकलं, तेवढं मी सांगीन.

"हे बघ, मला तुझं दुःख कळतंय. पण धूर गुडघ्याच्या खाली गेला ना, तर पाहुण्यांचे बूट दिसतील. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, गुडघा."

"मॅडम, एकोणीस मुलं आहेत. त्यांच्यानंतर जन्मणारी आहेत. ते रक्त परत नाही मिळायचं, ती मुलं परत जन्मणार नाहीयेत!"

"अगं, मग नवी जन्मतीलच की. तू किती नकारात्मक आहेस."

साडेअकराला ती व्यासपीठामागे आली. तिथे टबांपाशी मी होतो. धूर सहायक, असं माझं पद आहे. हातात जाड हातमोजे, बाजूला गरम पाण्याचे पिंप, समोर उघडी खोकी. ती धापा टाकत होती.

"दे ना रे. चार बादल्या दे. कोणाला कळणार पण नाही."

"ताई, सहीशिवाय नाही देता येत गं मला."

"आकडा उणे अठ्ठावीसवर आलाय."

"मी प्रोबेशनवर आहे, ताई."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. म्हणजे रागाने वगैरे नाही. लहानपणी माझी सायकलची चेन पडली की ती बसवून द्यायची, तेव्हा बघायची तसंच. तेवढ्यात वरून मॅडमचा इशारा आला आणि मी ओतलं. सगळं ओतलं. आणि काय धूर झाला म्हणून सांगू! गुडघा कसला, कंबरेपर्यंत. पाहुण्यांना फीत दिसेना, त्यांनी चाचपडत जे हाताला लागलं ते कापलं. ती माइकची वायर होती. त्यामुळे साहेबांचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही आणि टाळ्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या पडल्या.

मग पाहुणे प्रयोगशाळा बघायला निघाले. पहिला मजला बघितला, दुसऱ्यावर ताईच्या खोलीत आले. ती फ्रीझरला पाठ टेकून उभी. घरून आणलेली गोधडी तिने फ्रीझरभोवती गुंडाळली होती, तेवढाच गारवा टिकावा म्हणून.

पाहुणे म्हणाले, "हे बंद आहे का?"

साहेब गोरेमोरे झाले. "नाही नाही, चालू आहे. इथे धूर का नाही?" हे माझ्याकडे बघून. मी धावत खाली गेलो, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाखाली एक भरलेलं खोकं नजरेतून सुटलं होतं, बारा-पंधरा किलोचं, ते खांद्यावर घालून वर आलो. सही कोणी मागितली नाही. साहेबांनी तोंडी सांगितलं की तो आदेश असतो.

म्हणजे बघा, शेवटी ड्राय आइस ताईच्या खोलीत पोचला. संस्था कोणाला वाऱ्यावर सोडत नाही. ताईने खोकं बघितलं आणि गोधडी सोडून फ्रीझरचं दार उघडायला धावली. "आत, आत ठेव, वरच्या कप्प्यात!" मी ठेवणार होतो, खरंच. पण फोटोवाला म्हणाला, आत ठेवलं तर दिसणार कसं? म्हणून फ्रीझरसमोर परात ठेवली, परातीत गरम पाणी ओतलं आणि त्यात ते खोकं उपडं केलं.

"फोटो झाला की उरलेला तू घे," मॅडम तिला म्हणाल्या. मोठ्या मनाने म्हणाल्या.

फोटो, मग व्हिडिओ, मग पाहुण्यांच्या मिसेसना पाठवायला आणखी एक व्हिडिओ. एकूण नऊ मिनिटं. ताई हातमोजा घालून परातीतून तुकडे वेचत होती. तिला बाजूला व्हायला सांगितलं, नाही झाली, मग फोटोवाला म्हणाला की राहू दे, छान नॅचरल वाटतंय. शेवटी परातीत कोमट पाणी उरलं. आकडा उणे सतरा.

आता ताई चारशे बारा घरी पत्रं लिहितेय, एकेक, हाताने. टाइप करून देतो म्हटलं तर नको म्हणाली. मावशीचा फोन आला होता, मी उचलला नाही. संस्थेने ताईला 'उत्कृष्ट धूर-सहकार्य' प्रमाणपत्र दिलंय आणि नवीन फ्रीझर पण मंजूर झालाय, काचेच्या दाराचा. माझं प्रोबेशन संपलं.

आणि तो व्हिडिओ! दोन दिवसांत एक लाख ऐंशी हजार लोकांनी बघितला. तुम्ही सगळ्यांनी बदाम टाकलेत, मी नावं वाचलीत. फ्रीझरवर लाल दिवा लुकलुकतोय तो स्पष्ट दिसतो त्यात, आणि तुमच्यापैकी एकाने खाली लिहिलंय, 'लाल लाइटचा इफेक्ट कडक.' त्यालाच सगळ्यात जास्त लाइक्स आहेत. आणि आत्ता, मी एवढा घसा कोरडा करून सांगतोय तोवर, तिघांनी फोन काढून काय शोधायला घेतलंय ते मला इथून दिसतंय.

शोधू नका, लिंक मीच टाकतो ग्रुपवर. आवाज बंद ठेवून बघितलात तरी काही बिघडत नाही. मागे ताई सारखं काहीतरी बोलत होती, तिथे आम्ही म्युझिक टाकलंय.