अक्काची मर्जी आणि गल्लीचा घाटा

आमच्या पिंप्राळ्यातली अक्का मन्यारभाऊले हात धरू देत नाही. बांगड्या आपल्याच हातानं चढवते. डझनातल्या चार फोडते, रक्त काढते. मन्यारभाऊ म्हणतो, "अक्का, आयुष्य गेलं माझं बांगड्या भरण्यात." अक्का म्हणते, "तू भर रे भाऊ दुसरीले. हात मना शे. मनी मर्जी!"

धुळ्याकडची ती, अहिराणी बोलते. 'मनी मर्जी' म्हणजे माझी मर्जी. नवरा मेला तवा बाया बांगड्या उतरवायले आल्या, त्यायलेबी हेच ऐकवलं. आजबी घालते. मूलबाळ नाही, घरात एकटी.

मी चोपड्याची. ती मले 'चोपडेवाली'च म्हणते. डाळ मिलमध्ये डाळ निवडून संसार केला. कोरोनात माझे घरचे मालक गेले. प्लास्टिकात बांधून नेले, तोंड दिसलं नाही. म्हणून लसीची सुई निघाली तशी मी रांगेत पहिली उभी राहिले. अक्का काही आली नाही.

मग बिबड्यांचे दिवस आले. ज्वारीच्या बिबड्या, आमचे खान्देशी पापड, एकटीनं होत नाहीत. एकीनं पिठाचा घट्ट घाटा शिजवायचा, बाकीच्यांनी थापायच्या. आज हिच्या दारी, उद्या तिच्या. आम्ही बायांनी ठरवलं, सुईचा कागद असेल तिनंच यायचं. आता अक्कासारखा घाटा गल्लीत कोणाले जमत नाही. तरी नियम तो नियम.

अक्का पदर खोचून, ढवळायचा लाकडी चाटू घेऊन आली. "घाटाले चाटू लागस का कागद?"

मीच उठले. "अक्का, अंग तुझं, कबूल. पण श्वास तं सगळ्यायचा एकच ना? माझा माणूस गेला त्यात."

ती सामोरच्या आपल्या ओट्यावर जाऊन बसली. मग तिथूनच सुरू, "ए चोपडेवाली, ढवळ! तयले लागस! मीठ कोन टाकी?" आमचा घाटा खरंच तळाले लागला होता.

तेवढ्यात तिले गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बंगलेवालीची सून दिसली, थापायले बसलेली. "तिना कागद कोठे शे?"

कागद नव्हता. आम्हाले ठाऊक होतं. एक बाई हळूच म्हणाली, "अक्का, हिच्या गच्चीवर बिबड्या वाळत घालायच्या आहेत ना."

"मंग सुई गच्चीले टोची का?"

हसता हसता आमच्या माना खाली गेल्या. सून हात धुऊन उठली. त्या दिवशी बिबड्या माझ्या पत्र्यावर वाळल्या.

काम झाल्यावर गरम घाटा, वरून तेल, अशी वाटी घेऊन मी अक्काच्या ओट्यावर गेले. म्हटलं, "जिंकली ना? आता खरं सांग. एवढ्याशा सुईले भ्यायली का व?"

ती वाटीत बोट फिरवत राहिली. "सुई लिधी का ताप येस म्हंतस. तुमना घरमां सुना शेतस, पोरी शेतस. मले ताप ऊना ते पानी कोन देई?"

मी एवढी शहाणी, नियम करणारी. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नियम सगळ्यायले सारखा होता, घरं सारखी नव्हती.

सोमवारी तिच्या सुईसाठी दोघी रिक्षानं गेलो. दुपारून तिले ताप चढलाच. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, खिचडी टाकली. तापातबी तोंड चालूच. "बठ्ठासले सांग, मी मनी मर्जीनी सुई लिधी."

"सांगते सगळ्यायले. आता पाणी पे."

गुमान प्याली. डोळे मिटून पडली. मले वाटलं झोपली.

"चोपडेवाली, दुसरी सुई कव्हा शे?"

"तीन महिन्यांनी."

"इतला दिन?" अक्का म्हणाली.