नकार द्यायला माणसं लागतात

एतेल्का मावशीच्या घरी त्या संध्याकाळी पवित्र कुटुंब मुक्कामाला यायचं होतं, आणि दुपारपासून ती चुलीपुढे उभी राहून 'नाही' म्हणायचा सराव करत होती.

नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी मरिया आणि योसेफ यांची तसबीर गावात घरोघरी फिरते. बाहेरची मंडळी दाराशी गाऊन रात्रीपुरती जागा मागतात. आतल्या मंडळींनी दोनदा गाऊनच नकार द्यायचा आणि तिसऱ्या वेळी दार उघडायचं. मग तसबीर रात्रभर त्या घरात राहते. पण एतेल्काचा नवरा मात्याश गेल्यापासून ती तिच्या फाटकावरून सरळ पुढे जात होती.

देवळात गाणी सांगणारा वेंदेल म्हणायचा, "आत माणसंच नाहीत, तर नकार देणार कोण? नकाराशिवाय विधी पुरा होत नाही."

यंदा एतेल्का अडून बसली होती. "मी देईन एकटी. मला काय तोंड नाही?"

"बघ देऊन. पण अर्धवट राहिलं, तर पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नकोस."

म्हणून तिनं सगळं नीट केलं. पुढची खोली मात्याशच्या मातीनंतरच्या जेवणापासून कुणी तापवली नव्हती, तिथली शेगडी पेटवली. स्वयंपाकघरातल्या, ओसरीवरच्या खुर्च्या ओढून आणल्या, गाय नसली तरी दूध काढायचं स्टूलही पुसून ठेवलं. नाताळच्या आधी गोडधोड आणि मांस वेंदेलला चालत नाही, म्हणून चीज घातलेले छोटे खारे पाव, पोगाचा, भाजले, चांगले दोन मोठे ट्रे. लवंग घालून वाईन मंद आचेवर ठेवली. मग ती दाराला कान लावून बसली.

बर्फावर बूट करकरले. एतेल्कानं धाडकन दार उघडलं.

"या, या! आत या! केवढी थंडी आहे!"

वेंदेल पायरीवर तसबीर काखेत धरून उभा होता. मागे कंदील घेतलेली पंधरा-वीस माणसं. तो म्हणाला, "अगं बाई, लाव ते दार! आम्ही अजून काही मागितलंच नाही."

एतेल्कानं जीभ चावली आणि दार लावलं. बाहेरून गाणं सुरू झालं.

*दार उघडा हो घरधनी, रात बर्फाची झाली,*
*थकली आहे सोबतीण, वाट अंधारात गेली.*

आता आतून उत्तर यायचं. बाकीच्या घरांत मुलं, सुना, आजोबा सगळे मिळून ते दणक्यात गातात. इथं दारामागून एक बारीक आवाज आला. "जागा नाही, वाटसरूंनो… पुढल्या दारी जा…" मग गाण्याबाहेरचं, घाईघाईनं, "जाल का हो खरंच?"

फाटकाशी कुणीतरी फस्सकन हसलं.

"हे गाण्यात नाही!" वेंदेल ओरडला. "पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून झालं. या खेपेला एतेल्का 'जागा' एवढंच म्हणाली, आणि दार उघडलं.

"वेंदेल, मला नाही रे होत. बाहेर पाणी गोठतंय, आणि ती बाई दिवस भरलेली."

"कोण बाई?"

"ही काय, तुझ्या काखेत!"

"चित्र आहे ते, एतेल्का!"

"चित्राला नसेल वाजत थंडी. मला वाजते, तिच्याकडे बघून."

वेंदेलनं चष्मा काढला. तो चष्मा काढतो तेव्हा उपदेश येतो, हे गावाला ठाऊक आहे. "नकार कशासाठी असतो? आपली आपल्याला लाज वाटावी म्हणून. नाताळच्या त्या पहिल्या रात्री त्यांना घालवून देणारे कुणी परके नव्हते, तुझ्यामाझ्यासारखेच दार लावून बसले होते. ते विसरलं, तर नाताळात खाणं आणि खरेदी एवढंच उरतं. हे तुला कळत नसेल, तर मी तसबीर पुढच्या घरी नेतो."

एतेल्कानं दाराची कडी धरून ठेवली.

"काका, असं करा," शेजारची पिरोश्का पुढे झाली. "मी मागच्या दारानं आत जाते आणि मावशीच्या वतीनं नकार देते. माझ्या सासूबाईंना विचारा, मला छान जमतो."

नियमात याच्याविरुद्ध काही सापडेना. पिरोश्का स्वयंपाकघराच्या दारानं आत गेली. वेंदेलनं पहिल्यापासून सुरू केलं. आतून नकार आला खरा, पण तोंडात काहीतरी असल्यासारखा.

"थांबा! काय चाललंय आत?"

"आवाज बसलाय तिचा," पिरोश्काचा नवरा ओदोन म्हणाला. त्याच्या नाकाला एव्हाना चीजचा वास लागला होता. "बघून येतो. नकाराला पुरुषाचा आवाज हवाच, नाही का?"

वेंदेलनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. बेकरीवाली म्हणाली, नवराबायको दोघंच आत म्हणजे भांडणं व्हायची, मध्ये कुणीतरी हवं. तिच्या दोघी बहिणींना तिला एकटीला सोडवेना. तारस्वरातले दोघे गेले, मग खर्जातल्यांना वाटलं की तोल जातोय. जो जाई तो म्हणे, मावशीला मदत करून आलोच. वेंदेल नेहमी डोळे मिटून गातो. एकदा कडवं संपवून त्यानं डोळे उघडले, तर अंगणात तो, तसबीर आणि बर्फात रोवलेला एक कंदील एवढेच होते.

आतून मात्र खिडकीच्या काचा थरथरतील असा नकार आला.

*जागा नाही, वाटसरूंनो, पुढल्या दारी जा!*

आणि खोटं काहीच नव्हतं. खुर्च्या भरल्या होत्या, पलंगावर तिघं होते, ओदोन लाकडांच्या पेटीवर बसला होता, स्टुलावर बेकरीवाली. एतेल्का ट्रे घेऊन सगळ्यांमधून वाट काढत होती. "अजून घे गं. अरे, वाईन कुणाला पोचली नाही?" तिचे गाल लाल झाले होते. असा गलका त्या खोलीनं किती दिवसांत ऐकला नव्हता.

मग बाहेरून पुढचं कडवं आलं आणि ती थबकली. एकच आवाज होता, घसा बसलेला. ज्या ओळी दहाजणांनी म्हणायच्या, त्या एक माणूस ओढून नेत होता आणि मध्येच श्वास घ्यायला थांबत होता. दाराच्या एका बाजूला एकट्यानं गायलं की कसं ऐकू येतं, ते या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं ट्रे पिरोश्काच्या मांडीवर ठेवला, मात्याशचा कोट खांद्यावर टाकला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

"तू इकडे कुठे?" वेंदेल दचकला. त्याच्या मिशांवर बर्फ धरला होता. "तू घरधनीण. तुझी जागा आत."

"आत जागा नाही. ऐकलं नाहीस?"

"हे नियमात बसत नाही."

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांग." तिनं तसबिरीची एक बाजू धरली. "मरियेकडची बाजू माझ्याकडे दे. योसेफाला तू सांभाळ."

दोघांनी पहिल्यापासून गायलं. मागायचं गाणं एतेल्काला एका दमात आलं, एक अक्षर चुकलं नाही. वेंदेल तिच्याकडे बघतच राहिला. आतून पहिला नकार आला, मग दुसरा, चांगला पोटभरीचा. विधी आता कुठं नीट चालला होता. तिसऱ्या खेपेचं कडवं संपलं आणि एतेल्कानं हात वर करून आपल्याच घराचं दार वाजवलं.

आतला गलका थांबला. एक खुर्ची सरकली. जड पावलं दारापाशी आली आणि ओदोनचा आवाज आला, "कोण आहे?"

एतेल्का उभीच राहिली. बाजारातून, देवळातून, दफनभूमीवरून ती रोज याच दाराशी येत होती. रोज स्वतःच किल्ली फिरवायची, स्वतःच दिवा लावायचा. इतक्या वर्षांत आतून कुणी विचारलं नव्हतं.

"अगं, उत्तर दे की," वेंदेलचे दात वाजत होते. "पाय गोठले माझे."

"थांब जरा," एतेल्का हळूच म्हणाली. "त्याला परत एकदा विचारू दे."