जीप दाखवायची आहे

आमचे शेजारी शांतूभाऊ आपली जुनी जीप पासिंगला नेत नाहीत, ती ते 'दाखवायला' नेतात. तसे सगळेच गाडी दाखवायला नेतात, बोलायची पद्धतच आहे ती. पण शांतूभाऊंनी तो शब्द फारच मनावर घेतलाय. आदल्या दिवशी जिपेला शाम्पूने न्हाऊ घालायचं, बॉनेटवर अबोलीचा गजरा बांधायचा, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि निघताना कांदेपोह्यांचा डबा बरोबर घ्यायचा. आमच्या पोलादपुरात हे आता कुणाला नवीन वाटत नाही.

यंदा महाडच्या आरटीओ कॅम्पला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तपासणीला एक तरुण अधिकारी होते. शांतूभाऊंनी त्यांच्यापुढे डबा धरला. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग घाबरून आजूबाजूला पाहिलं.

"काका, मी असलं काही घेत नाही."

"तसं काय नाय सायेब. पोरगी दाखवायची तर पोहे नकोत?"

साहेब हसले, पण पोह्यांना हात लावला नाही. ते पोहे पुढे रांगेतल्या ट्रकवाल्यांनी आणि मी मिळून संपवले. छान झाले होते.

'तसं काय नाय' हे शांतूभाऊंचं पालुपद. जीप सुरू होत नाहीये का, असं विचारलं तर म्हणतात, "तसं काय नाय, ती इचार करतेय." कशेडीच्या चढावर ती धापा टाकत थांबली की म्हणतात, "तसं काय नाय, तिला खालचा देखावा बघायचाय." बायको गेल्यापासून माणूस एकटाच राहतो. मुलगा मुंबईला, तो फोनवर सांगतो, बाबा, विकून टाका ते भंगार. त्यावर मात्र शांतूभाऊ 'तसं काय नाय' म्हणत नाहीत, फोन ठेवून देतात.

जीप कंपनीतून आली तेव्हा कशी होती, हे आता आरसी बुकालाच ठाऊक. पुढच्या दोन सीट महाडच्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या खुर्च्या होत्या, पाठीवर नंबर तसेच. "बाल्कनीत बसा मास्तर," असं म्हणून ते मला बसवायचे. वायपरची मोटर जळाली तेव्हा त्यांनी वायपरला सुतळी बांधली. ती ओढायचं काम शेजारी बसणाऱ्याचं. महाड येईपर्यंत माझा दंड भरून यायचा. हॉर्न एका मोडीत निघालेल्या ट्रकचा. त्या हॉर्नला एसटीसुद्धा बाजू द्यायची. याच जिपेत कोंबून मी शाळेची कबड्डीची टीम महाडला न्यायचो. पोरं सुतळी ओढायला भांडायची. आता शाळेच्या दारात बस येते, पोरं मोबाइल बघत बसतात. बस चांगलीच आहे, पण तो दंगा काही तिच्यात नाही.

साहेबांनी चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली, आरसी बुक उघडलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"काका, बुकात एक गाडी आहे आणि समोर दुसरीच. या खुर्च्या, हा हॉर्न, ही सुतळी, सगळं काढावं लागेल." मग त्यांनी आत डोकं घातलं. "आणि छताला या कड्या कशाला वेल्ड केल्यात?"

"केळीचे घड टांगायला."

"मागचं दार का कापलंय?"

"घड लांब असतात, सायेब."

"अहो, ब्रेक लागला तर माणसाचं डोकं फुटेल या कड्यांवर. बुकात आहे तशी करून पुढच्या कॅम्पला आणा. नाहीतर पास होणार नाही."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. माझं स्वतःचं डोकं त्या कड्यांवर पुष्कळदा आपटलेलं आहे. पण केळीचा घड मी त्या जिपेत आयुष्यात पाहिला नाही.

त्या कड्या डोलीच्या होत्या. पूर्वी वरच्या वाडीला रस्ता नव्हता. माणूस आजारी पडला की बांबूला चादर बांधून त्याची डोली करायची आणि चौघांनी ती खांद्यावरून डोंगर उतरून ओढ्यापर्यंत आणायची. वाडीवरून हाक आली की तिथे शांतूभाऊ जीप लावून उभे असायचे. एकदा मांडी मोडलेल्या एका गड्याला डोलीतून उचलून सीटवर ठेवताना तो असा ओरडला, की शांतूभाऊंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते वेल्डरकडे गेले. छताला कड्या लावल्या, मागचं दार कापलं, म्हणजे बांबू डोलीसकट आत सरकवायचा आणि कड्यांत अडकवायचा. माणसाला हलवायचंच नाही. कितीतरी बाया त्या झोळीत झुलत दवाखान्यात पोचल्या आणि पोरं घेऊन परतल्या. याचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत.

कॅम्पहून आल्यावर त्यांनी खुर्च्या, हॉर्न, सुतळी सगळं एका दुपारात उतरवलं. भंगारातून कंपनीच्या सीट आणि मागचं अख्खं दार आणून बसवलं. वायपरला मोटर बसली. कड्या तेवढ्या राहिल्या. वेल्डर दोनदा आला, दोनदा त्याला चहा पाजून परत पाठवला. कॅम्प तोंडावर आला तेव्हा मी वैतागलो.

"अहो शांतूभाऊ, वाडीला रस्ता होऊन वर्षं झाली. ॲम्ब्युलन्स दारात जाते. कड्या हव्यात की जीप?"

"तसं काय नाय मास्तर..." एवढं म्हणून ते थांबले. मग एका कडीला हात लावून म्हणाले, "कड्या माझ्या एकट्याच्या नायत. वर विचारून येतो."

जीप पास झाली, हे आधीच सांगून टाकतो. कड्याही कापल्या. पण वाडीवर काय झालं, ते सांगायला हवं.

मीही गेलो होतो. वळणं चढताना शांतूभाऊ नव्या माणसासारखे इकडे तिकडे बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस इतकी वर्षं ओढ्याशी उभा राहिला, पण वाडीत कधी आलेलाच नाही. घरं कुठली कुणाची हेही त्यांना माहीत नव्हतं.

जीप पाहून माणसं बाहेर आली. एक म्हातारी तर जवळ येऊन जिपेला हात लावून उभी राहिली. मांडी मोडलेल्या त्या गड्याची ती बायको. शांतूभाऊंनी चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा.

"आये, एक विचारायचा होता. सायेब पास करत नाय. डोलीच्या कड्या काढू का?"

म्हातारी हसली. "काढ की रे बाबा. आता कुनाला डोलीत घालायचा हाय तुला?"

सगळे हसले. शांतूभाऊही हसले. मग म्हातारीचा आवाज एकदम चढला.

"पन रस्ता होऊन इतकी वरसा झाली, नि तू आज येतोस? आमी मरायला टेकलो तरच तू येनार काय रे? बरे असताना आमी तुझे कोनी नाय?"

शांतूभाऊंचे डोळे भरून आले. मलाही कुठे बघावं कळेना. शेजारी राहून मी कधी त्यांना, या भाऊ, जेवायला, असं म्हटलं असेल तर ते सणावारीच. शांतूभाऊ मान खाली घालून लहान पोरासारखे म्हणाले,

"हाक नाय आली ना गो आये. मी खालीच उभा होतो."

म्हातारीने त्यांचा हात धरला आणि त्यांना घरात नेलं.