आप्पांची काळी न्हाणी

आमच्या शेजारचे आप्पा नव्या वस्तूवरून आधी हात फिरवतात, मग तिच्या मालकाला नमस्कार करतात. मोटारसायकल असो, दाराची चौकट असो की नवरदेवाची गाडी. डोळे मिटून, उलट्या हातानं, सावकाश. मग निकाल. "फिनिशिंग न्हाई." सणसवाडीच्या एका कारखान्यात पेंट शॉपला तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? माझ्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी अशीच नापास केली होती.

हेच आप्पा गेल्या वर्षी केडगावातल्या आपल्या घराची न्हाणी फोडून बसले. चार बाय सहाची जागा, त्यातच संडास. फरशी घ्यायला मला यवतला घेऊन गेले. दुकानदारानं मोठ्या हौसेनं पांढऱ्या, फुलाफुलांच्या फरश्या मांडल्या.

"काळं दावा," आप्पा म्हणाले. "आन् खरखरीत."

"आप्पा, बारक्या जागंला पांढरं घ्या. मोठी दिसती."

"मला तिथं पंगत बसवायची न्हाई."

दुकानदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक हाय ना?"

पंधरा दिवसांत न्हाणी तयार झाली. भिंती काळ्या, जमीन काळी, दारापासून संडासाच्या भांड्यापर्यंत पायाला कळेल अशी खडबडीत पट्टी. मधे पांढरंशुभ्र भांडं, पांढरं बेसिन, पिवळीजर्द बादली. सगळी आळी बघायला लोटली. कुणी म्हणालं, कोळशाची खाण. कुणी म्हणालं, आप्पा बार टाकणार. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक सापडल्यावर आळी थोडीच सोडते! आप्पा आपले हसत होते, चहा पाजत होते. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओट्याला टेकून उभ्या होत्या.

मीही हसून घेतलं. "आप्पा, आमच्यासारखी पांढरी केली असती तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्याकडं आले. माझ्या न्हाणीत, जिचा मला फार अभिमान, मला उभं केलं आणि एक पांढुरकी प्लास्टिकची पिशवी माझ्या डोळ्यांवर धरली.

"भांडं कुठं हाय, दाव."

समोर नुसतं पांढरं धुकं. मी चाचपडलो, तर हात बादलीत गेला. मग तसंच दंडाला धरून त्यांनी मला त्यांच्या न्हाणीत नेलं. काळ्या भिंतीपुढं भांडं, बेसिन, बादली, सगळं ठसठशीत उठून दिसत होतं.

"तुझ्या काकीला वरीसभर असंच दिसतंय," आप्पा म्हणाले. "डाक्टर म्हणला, गेलेली नजर माघारी येत न्हाई. आधीच्या पांढऱ्या न्हाणीत दोनदा पडली. पण कुणाला कळलेलं तिला खपत न्हाई."

"आन् लोक तुम्हाला येडं म्हणत्यात, त्ये?"

"म्हणू दे की. माझ्याकडं बघत्यात तवर तिच्याकडं बघत न्हाईत."

मी कुणाला बोललो नाही. दिवाळीत काकींनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणून आज लिहितोय.

त्याआधी एकदा मी पाना मागायला त्यांच्याकडं गेलो होतो. काकी अंघोळीला गेलेल्या. आप्पा न्हाणीच्या दाराशी कान देऊन उभे. आतून आवाज आला, "अवं, दारात हुबं ऱ्हाऊ नका. मला समदं दिसतंय."

"चाललो गं," आप्पा म्हणाले, आणि जागच्या जागी चपला वाजवू लागले. आधी जोरात, मग हळू, मग अगदीच हळू. मला बोटानं गप्प राहायची खूण केली, आणि तिथंच उभे राहिले.